एक बाहेरचा

मार्च निम्मा सरला की कडुलिंबाला मोहोर येतो आणि त्याचा कडवट-गोड वास दुपारच्या गरम वाऱ्याबरोबर घरात शिरतो. आमच्या गल्लीच्या टोकाला शाळा आहे. परवापासून तिथं दहावीचं केंद्र सुरू झालंय. सकाळी दहाच्या सुमारास पोरंपोरी हातात पॅड घेऊन, ओठ हलवत, पाठ केलेलं सांडू नये अशा बेतानं चालत जातात. त्यांचे बाप फाटकाबाहेर मोटारसायकलींवर बसून राहतात. सून म्हणते, "दादा, उन्हाचं ओट्यावर बसत जाऊ नका." तिला काय सांगू? हा वास आला की मला घरात बसवत नाही. आणि बाहेर आलो की भोकरदनच्या स्टँडसमोरच्या त्या दोन पायऱ्या डोळ्यांपुढं उभ्या राहतात.

गाव मला गुरुजी म्हणून ओळखतं. आयुष्यभर खडू झिजवला, त्यामुळे ते बरोबरच आहे. पण त्याआधी चार वर्षं मी त्या पायऱ्यांवरच्या हॉटेलात मॅनेजर होतो, हे आता फारसं कुणाला ठाऊक नाही. मीही होऊन सांगत नाही.

हॉटेल म्हणजे वर पत्रे, आत आठ बाकडी आणि दारातच भट्टी. मी धावड्याचा. मॅट्रिक झालो आणि दुष्काळ आला. वडिलांच्या शेतात पेरलेलं उगवलं नाही, तेव्हा शेटनं मला कामावर घेतलं. शेट म्हणजे हॉटेलचा मालक. तो वाईट माणूस नव्हता, हे लिहिताना मी अजून अडखळतो, पण खरं तेच आहे. त्या दोन वर्षांत माझ्या घरची चूल त्याच्यामुळे पेटली. पहिल्या दिवशी त्यानं मला गल्ल्यामागच्या उंच खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, "मॅट्रिकवाला हायेस. आजपासून तुला समदे मॅनेजर म्हणतील." मला बरं वाटलं. एकोणीस वर्षांच्या पोराला आणखी काय लागतं?

मॅनेजरचं खरं काम गल्ल्याचं नसतं, गळ्याचं असतं, हे आठवडाभरात कळलं. जालन्याची गाडी लागायची तेव्हाच सिल्लोडची यायची. दोन्ही गाड्यांची माणसं एकदम आत घुसायची आणि प्रत्येकाला आपली गाडी सुटायच्या आत चहा हवा असायचा. कोण कुठं बसला, कुणी काय मागितलं, हे पाहून मी खुर्चीवरून हाळी द्यायची आणि भट्टीवरच्या किसननं ती झेलायची. "दोन चहा, एक भजे!" "तीन कट, जल्दी!" दूध फाटलं तर दोष माझा, साखर आली नाही तर मी, कोळसा ओला निघाला तरी मी. वाढप्यानं गिऱ्हाइकाच्या धोतरावर चहा सांडला तर मारामारी सोडवायलाही मीच. सकाळी पोटात जी आग पेटायची, ती खायच्या सोड्यानं तेवढ्यापुरती विझायची. सुट्टीच्या दिवशी गावी गेलो आणि दुपारी जरा डोळा लागला की झोपेतही ओरडायचो. आई पंख्यानं वारा घालत म्हणायची, "झोपंत बी चहाच इकून राह्यला रे तू." ती हसायची. मला मात्र हसू येत नसे.

आणखी एक काम होतं. ते शेटनं कधी तोंडानं सांगितलं नाही. हॉटेलच्या बाहेरच्या भिंतीत, पाण्याच्या पिंपाजवळ, एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेले तीन कप पालथे घातलेले असत. खाली बसायला एक दगड. वस्तीतली माणसं आली की त्यांनी तो कप हातात धरायचा, किसन वरून चहा ओतायचा, कपाला किटली लागू द्यायची नाही. पिऊन झालं की ज्याचा त्यानं कप विसळायचा आणि पुन्हा पालथा ठेवायचा. बौद्ध होऊन त्या लोकांना अठरा-एकोणीस वर्षं झाली होती. कायदाही झाला होता. म्हणून पाटी नव्हती, नकार नव्हता, आवाज नव्हता. होती फक्त एक हाळी. मी खुर्चीवरून म्हणायचो, "एक बाहेरचा!" परगावच्या माणसाला वाटावं, कुणी बाहेर बसलाय, त्याचा चहा. किसनला बरोबर कळायचं. ज्याच्यासाठी म्हटलं त्याला तर कळायचंच.

ओळखायचं कसं, हे मी आपोआप शिकलो. पायरीशी जो थबकायचा, आत बघायचा, तो बाहेरचा. न थबकणारे तरुण हळूहळू वाढत होते, पण मला आसपासच्या खेड्यांतली माणसं चेहऱ्यांनी पाठ होती. शेट कौतुकानं म्हणायचा, "रंगनाथची नजर म्हंजे बिलकुल बराबर. आपल्याला कुनाशी भांडन न्हाई, पन गावाला संभाळून घ्यावं लागतं." हे कौतुक मी घेत होतो. लाज वाटली का? खरं सांगायचं तर नाही. पाच मिनिटांत चाळीस माणसं यायची, त्यात लाजायला सवड कुठं होती? आता वाटतं, सवड नव्हती हीच त्या नोकरीतली सोय होती.

साळवे सर कधी हॉटेलात येत नसत. ते आमच्या धावड्याच्या शाळेत गणित आणि इंग्रजी शिकवायचे. वस्तीतले पहिले पदवीधर. पांढरा सदरा, पायजमा, कोपरे झिजलेली काळी पिशवी. मी मॅट्रिकला होतो त्या वर्षी गणितात इतका कच्चा होतो, की वडील म्हणाले होते, औताला तरी बरा उपयोगी पडशील. सरांनी मला घरी बोलावलं. माघ-फाल्गुनात रोज पहाटे मी त्यांच्या ओसरीवर बसून उदाहरणं सोडवायचो. ज्वारीच्या काढणीचे दिवस, सगळ्या गावात कडब्याचा वास. सरांच्या बायको, त्यांना मी काकू म्हणायचो, उजाडता उजाडता चहा आणायच्या. घरात कानाचा कप एकच होता, पांढरा, निळ्या काठाचा. तो माझ्यापुढं यायचा. सर गडव्यानं प्यायचे. आईनं एकदा विचारलं होतं, "तिथं काही खातोपितो का रे?" मी म्हणालो, "न्हाई." गणितात मला अठ्ठावन्न मार्क पडले. घरात ते मार्क दिसले. तो कप कुणालाच दिसला नाही.

दुष्काळ सरून दुसरं वर्ष असेल. असाच मार्च. भोकरदनला परीक्षेचं केंद्र होतं आणि खेड्यापाड्यांतून पोरं येऊन उतरली होती. कुणी नातेवाइकांकडे, कुणी मंदिरात. सकाळी आमच्या बाकड्यांवर पुस्तकं उघडी आणि पुस्तकांवर भज्यांचे तेलकट डाग. शेट खुश, मी मेटाकुटीला आलेलो.

पहिल्या पेपरच्या दिवशी दूधवाला अर्धंच दूध घेऊन आला. मी त्याच्याशी हुज्जत घालत होतो. जालन्याची गाडी नुकतीच लागली होती आणि दारात ही गर्दी. किसन भट्टीवरून ओरडला, "मॅनेजर, तीन नंबरला काय देऊ?" मी मान वळवली. बाकड्यावर तीन जण होते. दोन मुली, धावड्याच्या, आमच्याच भावकीतल्या. आणि एक पांढरा सदरा. डोळ्यांनी आपलं काम केलं, तोंडानं आपलं.

"दोन चहा, दोन भजे, एक बाहेरचा!"

म्हणून झालं, दूधवाल्याकडे पुन्हा वळलो, त्याला एक शिवीही दिली असेल, आणि मग मला कळलं मी कुणाला पाहिलं होतं.

वळून पाहीपर्यंत सर उठले होते. त्यांनी काळी पिशवी उचलली. मुली त्यांच्याबरोबर उठू लागल्या, तसा त्यांनी हात केला. आवाज मुद्दाम हलका ठेवला होता, तरी मला ऐकू आला. "बसा. पेपर हाय. खाऊन घ्या, बोलायचं न्हाई." मग ते त्या दोन पायऱ्या उतरले, कोनाड्यातला कप घेतला आणि दगडावर बसले. दारातून मुली दिसतील अशा बेतानं बसले. किसननं वरून चहा ओतला. सर तो सावकाश प्यायले. पिंपातलं पाणी घेऊन कप विसळला, दोनदा, आणि पालथा ठेवला.

मी खुर्चीवर होतो. खाली उतरून त्यांच्याजवळ जायला दहा पावलं लागली असती. दुकानात गर्दी होती, शेट गल्ल्याशेजारी उभा होता, गावचे चार लोक होते. मी उतरलो नाही. माझ्या आयुष्यातली ही दहा पावलं मी नंतर किती वेळा चाललो, त्याची गणती नाही. त्या दिवशी चाललो नाही, एवढंच खरं.

भजे खाऊन मुली निघाल्या. त्यांतली एक, सुमन, बाहेर सरांपाशी गेली आणि एक लांबट पाकीट घेऊन परत माझ्यासमोर आली. "सरांनी दिलंय," ती म्हणाली. "सही करून जल्दी पाठवा म्हणले." जायला वळली, पुन्हा थांबली. सोळा वर्षांची पोर, पहिला पेपर तासाभरावर आलेला. माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "मॅनेजर, आमचे सर हायेत ते." तिनं मला दादा म्हणायला हवं होतं, नात्यानं मी तिचा चुलतभाऊ लागत होतो. ती मॅनेजर म्हणाली.

पाकीट मी दुपारी उघडलं, भट्टी मंदावल्यावर. जवळच्या एका खेड्यात जूनपासून नवी शाळा निघणार होती. तिथं मॅट्रिक पास मास्तर हवा होता, प्रशिक्षण नंतर केलं तरी चालणार होतं. सरांनी माझ्या नावानं पूर्ण अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहून आणला होता. वळणदार, एकही खाडाखोड नाही. खाली सहीपुरती जागा मोकळी. सोबत आणखी एक कागद, वर्तणुकीचा दाखला. "सदर उमेदवार माझा विद्यार्थी असून मी त्यास लहानपणापासून ओळखतो. त्याची वर्तणूक चांगली आहे." त्याखाली त्यांची सही आणि त्याच दिवसाची तारीख. म्हणजे सकाळी, गाडीत बसायच्या आधी लिहिलेला.

पुढचे तीन-चार दिवस मी हाळ्या दिल्या, पण प्रत्येक हाळीआधी जीभ अडखळू लागली. कोण बसलंय ते आधी पाहायचो, मग पुन्हा पाहायचो. त्यात वेळ जायचा, गिऱ्हाइकं ओरडायची. किसन म्हणाला, "काय होऊन राह्यलं मॅनेजर तुम्हाला? तब्येत बराबर न्हाई का?" मी म्हटलं, "पोट दुखतंय." ते खोटं नव्हतं.

रविवारी धावड्याला गेलो. घरी न जाता थेट वस्तीत. ऊन चढलं होतं, कडुलिंबाखाली मोहोराचा पांढरा चुरा पडला होता. सर ओसरीवर वह्या तपासत बसले होते. मला पाहून "ये" म्हणाले, नेहमीसारखंच. मी बसलो. जे पहिलं तोंडात आलं ते बोललो.

"सर, तोंडाची सवय झाली हो. बघून बोललो न्हाई."

सरांनी वहीवरची नजर काढली नाही. "पोरींनी खाल्लं ना पोटभर?" ते म्हणाले. "दोघींचे बाप त्यांना एकटं पाठवायला तयार नव्हते. मी घेऊन जातो म्हणलो. घरून निघताना घाबरून काही खाल्लं न्हाई त्यांनी. पोरींना एकटं हॉटेलात कसं बसवायचं, म्हणून आत आल्तो. न्हाई तर मी येत न्हाई, तुला माहिती हाय."

"माहिती हाय, सर."

काकू चहा घेऊन आल्या. माझ्यापुढं निळ्या काठाचा तोच कप. काठावरचा एक टवका उडाला होता, बाकी तोच. त्यांना झालेलं ठाऊक होतं की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. कप मी तसाच बाजूला ठेवला. मी खिशातून दाखला काढला आणि सरांपुढं ठेवला.

"हे वाक्य खोडा, सर. वर्तणुकीचं. ह्याच्याखाली मी अर्ज देऊ शकत न्हाई."

त्यांनी कागद हातात घेतला, वाचला, जणू दुसऱ्याच कुणी लिहिलेला असावा. मग घडी घालून मला परत दिला. "सकाळी लिहिलं तेव्हा खरं होतं," ते म्हणाले. "नंतरचं काय, ते तुझं तू बघ." आणि पुढची वही ओढली.

रागावले असते तर बरं झालं असतं. माफ केलं असतं तरी मी मोकळा झालो असतो. त्यांनी दोन्ही केलं नाही. मी उभ्याउभ्या अर्जावर सही केली, ओसरीच्या खांबाला कागद टेकवून. सही वाकडी आली.

मे महिन्यात नोकरी सोडली. शेट खरोखर हळहळला. "मास्तरकीत काय ठेवलंय? इथं तुला जग मॅनेजर म्हनतं," तो म्हणाला. मी पोटाच्या आगीचं कारण सांगितलं. त्याला ते पटलं, कारण पोटाचं दुखणं दिसत होतं. कोनाड्याबद्दल मी एक शब्द बोललो नाही. त्यानं मला वाटेत खायला शेवेचा पुडा दिला, कानाच्या चांगल्या कपात चहा पाजला, आणि मी तो पिऊन त्या पायऱ्या उतरलो. कोनाड्यातले तीन कप तसेच पालथे होते. एखादा उचलून फोडावा असं मनात आलं होतं. फोडला नाही. ज्या थोड्यांना हे ठाऊक आहे ते म्हणतात, तुम्ही मनाविरुद्धची नोकरी सोडली, धाडस केलं. मी सुटलो, एवढंच मला ठाऊक आहे. कोनाडा माझ्या जाण्यानं रिकामा झाला नाही.

नव्या शाळेत पहिले काही महिने मला कुठं बसायचं तेच कळत नसे. उंच खुर्ची होती, पण गाड्या नव्हत्या, गर्दी नव्हती. एवढ्या शांततेत माझे हात उगाच टेबलावर काहीतरी सारखं करत राहायचे. पोटाची आग दिवाळीपर्यंत विझली. नजर मात्र गेली नाही. पहिल्या दिवशी पोरं आत आली आणि दारापाशी कोण थबकलं, ते मला हजेरी घेण्याआधीच कळलं होतं. ती नजर मोडायला मला किती वर्षं लागली, आणि ती पुरती मोडली का, हे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. दारापाशी थबकलेल्या पोरांना आत ओढून पुढं बसवायचो. माठातलं पाणी सगळ्यांनी आपल्या हातानं घ्यायचं असं ठरवलं, तेव्हा गावातले दोघे-तिघे भांडायला आले. या वेळी मी खुर्चीवरून उतरलो. पावलं मोजली नाहीत, पण आठवली.

दोन-तीन वर्षांनी, पुन्हा मार्चमध्ये, सर माझ्या घरी आले. आमच्या शेजारच्या गावी परीक्षेचं काम लागलं होतं, पेपर सुटल्यावर वाट वाकडी करून आले. माझं नुकतंच लग्न झालं होतं. घरात नवे सहा कप होते, फुलांचे, सहाही एकसारखे. बायकोनं सरांच्या पाया पडून चहा दिला. आम्ही तिघं एकाच सतरंजीवर बसून प्यायलो. सर सुमनबद्दल बोलले. ती नर्सिंगला गेली होती. मला वाटलं, आज काहीतरी पुरं होतंय. मी मनातल्या मनात त्या दाखल्यावरचं वाक्य वाचत होतो.

चहा संपला. बायको कप उचलायला वाकणार, तोच सर आपला कप घेऊन उठले. मोरीपाशी गेले. बादलीतून पाणी घेतलं, कप विसळला, दोनदा, आणि कट्ट्यावर पालथा ठेवला. बायको गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली. मी धडपडत उठलो, "सर, अहो काय करून राह्यले! राहू द्या!"

ते वळले. ओल्या हाताकडे त्यांनी असं पाहिलं, जणू तो हात आपला आहे हे त्यांना आत्ताच समजलं असावं. थोडं हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"सवय रे," ते म्हणाले. "तुझ्या तोंडाला होती ना, तशी माझ्या हाताला."

त्यानंतर सर आणखी चार-पाच वेळा आमच्याकडे आले असतील. बहुतेकदा याच दिवसांत, परीक्षेच्या कामानिमित्त, अंगाला मोहोराचा वास घेऊन. दर वेळी मी ठरवायचो, आज त्यांच्या आधी आपण उठायचं, कप आपण घ्यायचा. चहा संपत आला की मी पाय आवरून तयार बसायचो. बोलता बोलता सर शेवटचा घोट घ्यायचे आणि उठायचे. एकदाही मी त्यांच्या आधी मोरीपाशी पोचलो नाही.